दादानं आणलेला गाळ

तिला सगळे चिखलताई म्हणायचे. हे नाव ठेवलं तिच्या सख्ख्या मोठ्या भावानं, तेही संस्थेच्या जेवणघरात, भरल्या ताटावर, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांसमोर. "ही आमची धाकटी. एवढं शिकली आणि शेवटी चिखलातच गेली," असं म्हणून तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. नाव असं काही चिकटलं, की तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेईना.

काम खरोखर चिखलाचंच होतं. समुद्राच्या तळात जड लोखंडी नळी घुसवायची, तिच्यात भरलेला गाळ जहाजावर ओढून घ्यायचा, आणि तो गाळ चिखलताईच्या टेबलावर आला की तिनं त्यातून चरबी काढायची. चरबी म्हटलं की ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं. मग ती समजावून सांगायची. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांच्या अंगाभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. पाणी उबदार असेल तर ते जीव त्या चरबीत जास्त कड्या गुंफतात, गार असेल तर कमी. जीव मरून तळाशी जातो, त्याचं बाकी सगळं नाहीसं होतं, पण ही चरबी भलती चिवट. हजारो वर्षं गाळात तशीच पडून राहते. तिच्यातल्या कड्यांचं प्रमाण काढलं, की तो जीव जगला तेव्हा समुद्राचं वरचं पाणी किती ऊन होतं त्याचा अंदाज बांधता येतो.

"म्हणजे मेलेल्यांचा ताप बघतेस तू," दादा म्हणायचा.

"मेलेल्यांचा नाही रे, समुद्राचा."

"आणि औषध काय देणार?"

तिच्याकडे याला उत्तर नसायचं, आणि दादाला ते नसलेलंच आवडायचं.

चरबी मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगची चरबी लपवावी लागते. बोटाचा ठसा उमटला तरी नमुना बिघडतो. काचेची भांडी ती भट्टीत भाजून घ्यायची, चिमट्यानं उचलायची, हातांना कधी मलम लावायची नाही. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. वहिनी रागवायची, "बाईचे हात आहेत का गवंड्याचे?" वहिनी म्हणजे दादाची बायको. दोन्ही घरं एकाच इमारतीत होती, दादाचं खाली, चिखलताईचं वर, आणि वरच्या घरात स्वयंपाक क्वचितच व्हायचा.

दादा संस्थेच्या जहाजावर विंच चालवायचा. तळाशी गेलेली नळी तारेनं वर ओढणारं ते यंत्र. तारेच्या आवाजावरून नळी गाळातून सुटली का अडकली हे त्याला कळायचं, असं खलाशी सांगायचे. दादा म्हणायचा, "मला काही कळत नाही, मी घाबरतो तेव्हा ती अडकलेली असते." आईवडील लवकर गेल्यावर धाकटीला त्यानंच वाढवलं होतं. शाळेत सोडताना वाटेत रोज तो तिच्याशी पैज लावायचा आणि रोज हरायचा. ती चांगली मोठी झाल्यावर तिला कळलं, की तो मुद्दाम हरत होता.

शेवटच्या सफरीत ती जहाजावर नव्हती. जे घडलं ते तिला आधी बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं सांगितलं, मग सरांनी. सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, त्या सफरीचेही प्रमुख. दोघांचं सांगणं जवळपास सारखंच होतं.

परतायची वेळ झाली होती आणि वारा वाढला होता. एका खोलगट जागेची नळी घ्यायची राहिली होती. तिथं गाळ अगदी संथपणे, एकावर एक साचला असणार, असं सरांना आधीच्या तपासणीवरून वाटत होतं. हिमयुग ओसरताना समुद्र कसा तापत गेला, याची एक सलग नोंद त्या एका नळीतून मिळाली असती. कप्तान म्हणाला, आता बास. सरांनी डेकवर येऊन दादाला विचारलं, "जमेल का हो?" दादानं समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "घेऊ या की. एवढं आलोय तर."

नळी गेली, गाळात रुतली, वर आली. पाण्याबाहेर येऊन ती झोके घ्यायला लागली तेव्हा तिला आवरून धरणाऱ्या खलाशाचा पाय सरकला आणि त्याच्या हातातला दोर सुटला. दादानं विंचला ब्रेक लावला आणि दोर पकडायला धावला. दोर त्यानं पकडलाही. तेवढ्यात जहाज एका बाजूला कललं, नळी फिरून आली आणि दादा नळी आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. किनारा फार लांब होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सर त्याच्या उशाशी बसलेले असताना, तो गेला.

जहाज धक्क्याला लागलं तेव्हा आधी दादाला उतरवलं. मग, बऱ्याच वेळानं, नळ्या उतरवल्या. चिखलताई तिथंच उभी होती. खलाशांनी ती नळी खाली आणली तेव्हा तिला कुठं धक्का लागू नये म्हणून एकमेकांना सांभाळून-सांभाळून म्हणत होते. ती इतरांपेक्षा लांब होती. शीतखोलीत तिला वेगळी फळी मिळाली. तिच्यावर क्रमांक लिहिला होता, पण सगळे तिला दादाची नळी म्हणायला लागले.

घरी वहिनी भिंतीला टेकून बसली होती. माणसं येत होती, जात होती, आणि प्रत्येकजण काहीतरी म्हणत होता. वहिनी कुणाकडेच बघत नव्हती. चिखलताईला काही सुचेना. ती वहिनीजवळ जाऊन बसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ती नळी माझ्याकडे आलीये. मी स्वतः करणार आहे तिचं सगळं. दादाचं जाणं वाया जाणार नाही."

वहिनीनं पहिल्यांदा मान वर केली. "खरं?"

"खरं."

बुडत्याच्या हाताला काही लागावं तसं वहिनीनं ते वाक्य धरलं. पुढे कुणीही भेटायला आलं की ती सांगायची, "त्यांनी आणलेल्या गाळावर संशोधन चाललंय. हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र मोजतायत." सांगताना तिचा आवाज थोडा सरळ व्हायचा. भाची, म्हणजे दादाची मुलगी, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. ती आईचं हे बोलणं खाली मान घालून ऐकायची आणि नंतर आत्याला कोपऱ्यात गाठून विचारायची, "आत्या, नक्की मिळेल ना काहीतरी?"

"मिळणार म्हणजे काय! तुझ्या बाबानं आणलीये."

नळी उभी चिरून तिचे दोन भाग केले. एक कामाला, दुसरा राखीव, ज्याला कारणाशिवाय हात लावायचा नसतो. आत सगळा राखाडी, लोण्यासारखा मऊ, एकसारखा गाळ होता. चिखलताईनं बोटभर अंतरावर नमुने काढले, गोठवून सुकवले, द्रावकात चरबी उतरवली, गाळून यंत्रात घातली. वरच्या भागाचे आकडे छान आले. मग ती खाली सरकली आणि आकडे भरकटले. एका थरात समुद्र कढत, त्याखालच्या थरात गारठलेला, पुन्हा कढत.

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. भांडी पुन्हा भाजली. द्रावकाची नवी बाटली फोडली. यंत्रवाल्याला बोलावून यंत्र आतून पुसून घेतलं. आकडे तसेच.

त्याच सुमारास सरांनी तिला खोलीत बोलावलं. त्या सफरीनंतर सर बोलायचे कमी आणि चष्मा पुसायचे जास्त.

"ताई, गाळातल्या बारीक शिंपल्यांची वयं मोजून आलीत," ते म्हणाले. "मधल्या भागात वरचा गाळ खालच्यापेक्षा जुना निघतोय."

"किडे उकरतात ना सर गाळ. वरचं खाली, खालचं वर."

"एवढ्या जाडीचा? बसा जरा. मला वाटतं, तिथं दरड कोसळली असावी. उथळ पाण्यातला गाळ घसरून एका दमात खाली आला असेल. तसं असेल तर मधलं सगळं मिसळलेलं आहे. त्याच्या तापमानाला काही अर्थ नाही."

चिखलताई बसली नाही. "तुम्हाला वाटतं ते," ती म्हणाली. "मला नाही वाटत."

एरवी ती सरांशी असं कधी बोलली नव्हती.  ती दार ओढून बाहेर पडली आणि प्रयोगशाळेत येऊन हात धूत राहिली.

त्यानंतर वर्ष गेलं, त्याहूनही जास्त गेलं. ती त्या नळीच्या मागे हात धुऊन लागली. दुसऱ्या नळ्या फळीवर पडून राहिल्या. सर बैठकीत दरडीचा विषय काढायचे आणि ती एकेक कारण पुढे करायची. नमुना सुकताना तापला असेल. यंत्र म्हातारं झालंय. त्या काळात समुद्रच तसा लहरी असेल. सहकारी एकमेकांकडे बघायचे, पण तिला तोंडावर कोण सांगणार? दादाची बहीण होती ती.

घरी वहिनी ताट वाढताना विचारायची, "कुठवर आलं?"

"चाललंय."

"वेळ लागतो का असल्या कामाला?"

"लागतो गं."

मग भाचीच्या शाळेत कार्यक्रम ठरला. मुलांनी आपापल्या घरातल्या माणसाच्या कामाबद्दल बोलायचं होतं. भाचीनं बाबांबद्दल बोलायचं ठरवलं आणि आत्याकडे आलेख मागितला. "असा दे ना, की लांबून दिसेल. समुद्र कसा तापत गेला त्याचा."

चिखलताईनं दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी तिनं वरच्या भागाचे चांगले आकडे घेतले, खालच्या वेड्यावाकड्या आकड्यांतले सोयीचे तेवढे निवडले, मधे रेघ ओढून जोडून टाकले. मोठ्या कागदावर लाल रेघ सुंदर चढत गेली. शाळेसाठीच तर आहे, तिनं मनाला सांगितलं. खरं निघालं की खरा देऊ.

भाची भरल्या सभागृहात बोलली. वहिनी पहिल्या रांगेत बसली होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिनं चांगले कपडे घातले होते. घरी आल्यावर वहिनीनं तो कागद चौकटीत घालून घेतला आणि दादाच्या फोटोशेजारी लावला. चिखलताईला जेवताना तो समोरच दिसायचा. ती खुर्ची बदलून बसायला लागली.

कामाचा भाग संपत आला तेव्हा तिनं राखीव भागाची परवानगी मागितली. सरांनी अर्जावर सही केली, मग कागद हातातच ठेवून म्हणाले, "घ्या. पण त्यातूनही तेच निघालं तर?"

"तर मी थांबेन."

जमिनीवरच्या मातीतही सूक्ष्म जीव असतात. त्यांची चरबी वेगळी, तिला फांद्या फुटलेल्या असतात, आणि यंत्र ती वेगळी ओळखतं. खोल समुद्राच्या गाळात ती जवळपास नसतेच. असली तर माती कुठूनतरी वाहून आली असं समजायचं. यंत्राच्या आलेखावर फांद्यांच्या चरबीचं टोक चिखलताईला अगदी पहिल्या फेरीपासून मधल्या थरांत दिसत होतं. नद्या थोडीफार माती आणतातच, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं होतं. आता राखीव भागातून तिनं थरामागून थर फक्त तेवढंच मोजलं. वरच्या थरांत नाममात्र. मग एकदम, पायरी चढावी तसं, नदीच्या मुखाशी असावं तेवढं. आणि तिथून तळापर्यंत तसंच.

म्हणजे पायरीखालचा हा सगळा गाळ त्या खोलगट जागेत साचलाच नव्हता. तो किनाऱ्यालगत, नदीच्या तोंडाशी साचला होता आणि एके दिवशी सगळाच्या सगळा घसरून खाली आला होता. नळीचं खालचं टोक त्या दरडीतच संपत होतं, तिच्यापलीकडे काही नव्हतं. वरचा चांगला भाग होता तो अलीकडच्या काळाचा, आणि त्या काळाचे आकडे इतर नळ्यांतून लोकांनी कधीच काढून ठेवले होते.

ती स्टुलावर बसून राहिली. यंत्राचा पंप चालू होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी कसल्याशा विनोदावर हसत होतं. मग तिनं आकडे उतरवून आलेख काढला.

सरांच्या खोलीत जाऊन तिनं आलेख टेबलावर ठेवला. "तुमचं बरोबर होतं."

सरांनी कागद जवळ ओढून घेतला. "मला बरोबर ठरायचं नव्हतं हो," ते म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "कप्तान नको म्हणत होता. मी विचारलं म्हणून तुमचे दादा हो म्हणाले. मी विचारलंच नसतं तर?"

तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. तुमची चूक नाही, दादा स्वतःहून तयार झाला, असं. पण तिला ते खरं वाटत होतं की नाही हेच तिला ठरवता येईना. ती उभी राहिली, सर पाठमोरे राहिले, आणि शेवटी ती निघून आली.

वहिनीला सांगायचं की नाही, यावर तिच्या मनात पुष्कळ घालमेल झाली. शेवटी एका सुटीच्या दिवशी दुपारी ती खाली गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, नळीचं काम संपलं."

वहिनीच्या हातातली घडी थांबली. चेहरा उजळला. "काय निघालं?"

चिखलताईनं सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, कुठंही न थांबता, एका दमात सांगून टाकलं. वहिनी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू त्या पहिल्या दिवशी होता तसा झाला.

"म्हणजे काहीच नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"दरड कोसळली होती, एवढं कळलं."

"दरड." वहिनीनं घडी बाजूला ठेवली. "समुद्रात कधीकाळी दरड कोसळली, हे कळायला माझा माणूस गेला?"

चिखलताईची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली.

"आणि हे काय मग?" वहिनीनं भिंतीकडे हात केला.

"ते... मी जोडलं होतं. शाळेसाठी म्हणून. मला वाटलं होतं पुढे..."

आतल्या दारात भाची उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. "आत्या," ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर बोलले होते." एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार आपटलंही नाही.

वहिनीचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तू मला सांगायला कशाला आलीस?"

"वहिनी, आज ना उद्या कुठूनतरी कळलंच असतं."

"कुणाकडून? माझ्याकडे गाळाची खबर घेऊन कोण येणार होतं? एवढे दिवस खोटं बोललीस, अजून एक बोलली असतीस तर काय जड झालं असतं? मी मरेपर्यंत त्या कागदाकडे बघून जगले असते."

वहिनी म्हणत होती ते खरं होतं. कुणीही येणार नव्हतं. चिखलताई आली होती ती आपल्या छातीवरचा दगड उतरवायला, आणि तो तिनं उचलून वहिनीच्या छातीवर ठेवला होता. हे तिला तिथं, घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगासमोर उभी असताना कळलं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता.

"जा वर," वहिनी म्हणाली.

त्यानंतर खालून जेवायला हाक आली नाही. शाळेची वार्षिक परीक्षा संपल्यावर वहिनी भाचीला घेऊन आपल्या बहिणीच्या गावी राहायला गेली. ते गाव समुद्रापासून आत होतं. सामान हलवताना चिखलताई मदतीला उतरली तर वहिनी म्हणाली, "राहू दे, माणसं आहेत." ट्रक गेल्यावर तिनं रिकाम्या घरात डोकावून पाहिलं. भिंतीवर दोन चौकटींच्या जागी दोन फिकट चौकोन होते. दोन्ही चौकटी नेल्या होत्या की एकच, हे तिला कधी कळलं नाही.

सरांनी सफरींना जाणं बंद केलं आणि पुढे मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ते प्रत्येकाशी हात मिळवत आले. चिखलताईसमोर येऊन थांबले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर खाली केली. शीतखोलीतली ती फळी नव्या नळ्यांना लागणार होती. दादाच्या नळीत उरलेला गाळ पसाभरही नव्हता. तिनं तो स्वतः काढून टाकला, कारण दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना.

काम चालू राहिलं. नव्या जहाजाच्या नळ्या आल्या, दुसऱ्या समुद्रातल्या, निर्दोष. त्यांचे आकडे असे सरळ आले की नवे प्रमुख म्हणाले, "वा, ताई, क्या बात है." ती हो म्हणाली. रेघ चढत गेलेली बघून पूर्वी तिला हुरूप यायचा, आता नुसतं पुढचा नमुना कोणता एवढंच मनात यायचं.

एकदा ती बसनं वहिनीच्या गावी गेली. आधी कळवलं नव्हतं, कळवलं असतं तर वहिनीनं नको म्हटलं असतं. वहिनीनं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि आत वळली. दार मात्र लावलं नाही. चिखलताई आत जाऊन खुर्चीवर बसली. वहिनीनं पाणी आणून ठेवलं. गावात पाणी एक दिवसाआड येतं, असं म्हणाली. बहिणीच्या दुकानात कामाला जाते, म्हणाली. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराखाली उजेड होता. मधेच खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अभ्यास करतेय का?" चिखलताईनं विचारलं.

"हं."

"मी आलेय म्हणून सांगितलंस?"

"तिला कळलंय."

चिखलताईनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग चिखलताई म्हणाली, "उठते आता." वहिनी म्हणाली, "बस पावणेपाचची आहे." तिनं थांब म्हटलं नाही, ये पुन्हा म्हटलं नाही.

ती दर दोन-तीन महिन्यांनी जाते. वहिनी पाणी देते. आतलं दार अजून उघडलेलं नाही.